फळ्यांच्या थप्पीवर सोयरे

आमचे हे, म्हंजे चंपतराव, खाप्यात कन्हान नदीवरच्या लहान नावा बनवत. माणूस भला, पण लाकडापायी येडा. नागपूरच्या लाकडाच्या टालावर जाऊन बिज्याच्या झाडाचं एक खोड पसंत कराले आमच्या ह्यायले अख्खा दिवस पुरत नव्हता. बोटानं ठोकून पाहा, कान लावून पाहा, गाठ कुठं हाय, भेग कुठं हाय. पोरगी पाहाले येणारे बी इतकं पाहत नाहीत, असं मी म्हणायची.

मग त्याच्या फळ्या चिरून आणायच्या अन् छपरीत थप्पी लावायची, मधामधात काड्या ठेवून, म्हंजे हवा खेळते अन् लाकूड हळूहळू वाळते. उन्हात ठेवायच्या नाहीत, तडकतात. वर्षभर छपरी फळ्यायची, आपण बसा आंगणात!

अन् बांगलादेशच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात कन्हान गावाहून आमच्या पोरीले, लतिकाले, पाहाले सोयरे येणार होते. आधीची स्थळं हुकली होती. अन् हा मुलगा पोरीनं मावसबहिणीच्या लग्नात पाहिलेला, तिच्या मनात बसलेला. म्हणून माह्या जिवाले घोर.

"आजच्या दिवस फळ्या आंगणात टाका जी," मी म्हणलं.

"वाकून जातीन. थप्पीवर सतरंजी टाक, तिथंच बसवू."

"सोयऱ्यायले लाकडावर बसवता? लाज नाही वाटत?"

"वजन पडलं तर फळी सरळ राह्यते. चांगलंच हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

सोयरे आले, मुलाचे मायबापच फक्त, अन् बसले थप्पीवरच. मुलाचे वडील मारोतराव म्हंजे काडी पैलवान. मुलाची माय रुखमाबाई मात्र चांगली भरभक्कम, बोलणं कमी, नजर मोठी धारदार. लतिकानं पोहे आणून दिले. सारं बरं चाललं होतं, तेवढ्यात आमचे हे म्हणतात, "बाई, तुमी जरा त्या टोकाले सरकता का?"

रुखमाबाई सरकल्या. घडीभरानं हे पुन्हा म्हणतात, "आणखी थोडं."

"काहून जी?"

"त्या टोकाची फळी उचलून राहिली. अन् तुमच्यासारखं वजन आमच्या घरात कोणाचंच नाही."

झालं! धरणी फाटंन तर पोटात जाईन, असं झालं मले. मारोतरावचा घास तोंडातच राहिला. लतिका दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले. मनात म्हणलं, घ्या, गेलं हे बी स्थळ! आता लावा पोरीचं लगन त्या फळीसंग!

रुखमाबाईनं सतरंजी उचलून खाली पाहिलं. फळीवरून हात फिरवला. मग पदर सावरून थेट टोकावर मांडी ठोकून बसल्या.

"दबली का आता?"

"थोडी हाय अजून," हे म्हणाले. खोटं बोलता येतच नाही या माणसाले!

रुखमाबाई दाराकडं वळल्या. "ये वं लतिका. ये माय, बस माह्याजवळ. तुह्या बापाची फळी मी एकटी किती दाबू?"

लतिका जाऊन बसली, तशी त्यायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी चहा टाकाच्या निमित्तानं आत पळाली अन् चुलीपाशी घळघळा रडली. बाहेर हे मारोतरावले म्हणत होते, "तुमी उठलं तरी चालते जी, तुमचं काही वजनच पडत नाही."