डावा खांदा

“आई, कॅन्सल करू या. बाबांना नाही झेपणार,” शैलेंद्र माझ्या कानाशी पुटपुटला.

ते पुटपुटणे मला पसंत पडले नाही. वडिलांविषयी जे बोलायचे ते त्यांच्यासमोर बोलावे.

यांच्या हातातली रायफल पुन्हा खाली आली होती. उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तो हात जड वस्तू घेऊन छातीच्या वर जात नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. तरीही आम्ही अमेरिकेत, चँडलर गावातल्या त्या बंदुकीच्या दुकानात उभे होतो. कारण आमच्या साऱ्या संसारात यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच वस्तू होती.

आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही, असे हे स्वतःच म्हणतात. नागपूरला पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे नकाशे काढले, मुलाला इंजिनिअर केले आणि निवृत्तीनंतर त्याच्या घरी इथे राहायला आले. शैलेंद्रचे घर शहराच्या हद्दीबाहेर, पाच एकरांवर आहे. शेजारचा वॉल्टर रविवारी मातीच्या बांधासमोर रिकामे डबे मांडून नेम धरतो आणि हे कुंपणाशी खुर्ची टाकून पाहत बसतात. “तुम्ही का नाही?” असे त्याने एकदा विचारले मात्र, त्या दिवसापासून यांचे जेवणात लक्ष नव्हते.

घरात शस्त्र मला मान्य नव्हते. कुलूपबंद कपाट हवे आणि किल्ली माझ्या कमरेला राहील, या अटीवर मी परवानगी दिली.

दुकानाची मालकीण डोलोरेस माझ्याच वयाची होती. पांढरी वेणी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. शैलेंद्रने इंटरनेटवरून निवडलेली रायफल तिने यांच्या हातून काढून घेतली.

“दोन्ही हात पुढे धरा,” ती इंग्रजीत म्हणाली. “बोटांची छोटी खिडकी करा आणि तिच्यातून माझ्या नाकाकडे बघा.”

यांनी तसे केले. तिने क्षणभर निरखले.

“तुमचा नेमाचा डोळा डावा आहे. हात कोणता?”

यांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग खालच्या आवाजात मराठीत म्हणाले, “मी मूळचा डावखुरा आहे गं.”

“काय?”

“दादा माझा डावा हात पंच्यानं बांधून मला पानावर बसवायचे. मुंज होईपर्यंत. मग हा उजवाच चालायला लागला.”

“बाबा, यू नेव्हर टोल्ड अस!”

“कुणी विचारलं नाही रे. आणि त्यात सांगायचं काय?”

यांच्या आमटीत गूळ किती लागतो हे मला झोपेतही सांगता येईल. आणि ही गोष्ट मला परक्या बाईच्या दुकानात कळावी! मला राग आला. कोणावर, ते ठरवता येईना. दादा, म्हणजे माझे सासरे, तर कधीच गेले होते.

डोलोरेसने भिंतीवरून दुसरी रायफल उतरवली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, लहान गोळीची, वजनाला हलकी. “त्या रायफलीचा गोळी भरायचा दांडा उजव्या बाजूला असतो, उजव्या माणसांच्या सोयीचा. हिची कडी खाली, मधोमध. ओढायची आणि परत मिटायची. हात कोणता, हे ही विचारत नाही.”

यांनी ती डाव्या खांद्याला लावली. ती खाली आली नाही. कडी पुढे गेली, मागे आली. घरातली जुनी कडी लागावी तसा आवाज झाला.

“पण त्या दुसऱ्या मॉडेलचे रिव्ह्यूज जास्त चांगले आहेत, आई.”

“शैलेंद्र, नेम कोण धरणार आहे? तुझे रिव्ह्यूज?”

डोलोरेसला मराठी येत नव्हते, तरी ती हसली. “तुमच्या घरी हुकूम कोणाचा चालतो ते समजलं.”

“हीच द्या,” मी तिला इंग्रजीत सांगितले. “आणि मजबूत कुलूप दाखवा.”

रविवारी वॉल्टरने मागच्या बांधासमोर डबे मांडून दिले. कानांवर झाकणे, डोळ्यांवर चष्मा, डाव्या खांद्याला रायफल असे हे उभे राहिले. पहिल्या गोळ्या मातीत गेल्या. मग टोमॅटोचा एक डबा टणकन उडाला.

“पाहिलंस?” यांनी रायफल खाली ठेवून, मागे वळून विचारले.

“पाहिलं. टोपी घाला, ऊन आहे.”

आवाज कठोर ठेवायला मला कष्ट पडले.

ताट वाढण्याची शिस्त मी या देशातही मोडलेली नाही. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात समोर. त्या दुपारी मात्र यांचे ताट मी स्वतः वाढले आणि बाजू बदलल्या. मीठ उजवीकडे, भाजी डावीकडे.

यांनी ताटाकडे पाहिले. डावा हात वर आला, भातापाशी गेला, बोटे जरा उघडली, आणि तिथेच थांबली.

“राहू दे,” हे हळूच म्हणाले. “याला जेवता येत नाही गं.”

मग त्याच हाताने, आमटी सांडू न देता, यांनी ताट फिरवून घेतले. मीठ डावीकडे आले, भात मात्र पलीकडच्या काठाला गेला. उजवा हात लांबवून हे तो कालवू लागले.