राखाडी फराटा

त्या एका चित्राने चित्रकारांच्या दोन पिढ्यांना अक्षरशः वेड लावलं. खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर हात, कपड्याची चुणीन् चुणी जागच्या जागी, आणि चेहऱ्याच्या ठिकाणी नुसता राखाडी फराटा. मग काय, जो तो चेहरे पुसत सुटला. त्या फराट्यावर जाडजूड ग्रंथ निघाले. बाई कोण, हे विचारायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

ती कापूसताईंची आई होती. कापूसताई म्हणजे संग्रहालयात चित्रं साफ करणाऱ्या. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि हलक्या हाताने मळ पुसायचा, ही त्यांची रीत. थुंकीसारखं दुसरं औषध नाही म्हणायच्या. आई गेली तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या आणि घरात तिचा एक फोटोही नव्हता. चित्रातली बाई आईच, एवढं मावशीने सांगितलं होतं. म्हणून हे चित्र सफाईला आलं तेव्हा त्यांनी कुणाला काही पत्ता लागू दिला नाही.

धूळ पुसता पुसता फराट्याची कड सुटली. आत एक डोळा होता, त्यांच्याकडेच बघणारा. तिथेच थांबायला हवं होतं, पण चाळीस वर्षांची तळमळ कुठली थांबू देते!

त्या संध्याकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने पहिल्यांदाच ओळखपत्र मागितलं.

"डोळे आलेत का हो तुम्हाला?" कापूसताई हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा डोळा उघडला, तिसऱ्या दिवशी नाक आणि गाल. घरी आल्या तर सात वर्षांची लेक बापामागे लपली. "बाबा, ही कोण?" नवराही उंबऱ्यातच अडून उभा राहिला. आवाज ऐकल्यावर त्याने आत घेतलं, तेही घाबरत.

 कापूसताईंनी तडक मावशीला फोन लावला.

"अगं, तेव्हाही असंच झालं होतं," मावशी म्हणाली. "तुझी आई चित्रासाठी बसून घरी आली की तू तिला बघून टाहो फोडायचीस. मग एक दिवस ती हात राखाडी रंगाने माखून आली, आणि तू तिच्याकडे झेपावलीस. चित्रकार महिनाभर शिव्या घालत होता. बक्षीस मिळालं तेव्हा गप्प बसला मेला."

सकाळी चित्रात फक्त ओठ झाकलेले उरले होते. आणखी एक काडी, की अख्खी आई दिसली असती. कापूसताईंनी कापूस जिभेवर ठेवलाही. मग त्यांचं लक्ष गेलं. काल त्यांच्याकडे बघणारे डोळे आज, लेक अजून यायचीच असल्यासारखे, दाराकडे वळले होते.

त्या ढसाढसा रडल्या. मग तळव्याला राखाडी रंग फासला आणि आईच्या तोंडावरून हात फिरवला. जुन्या फराट्याच्या उरलेल्या रेघांत त्यांची चारही बोटं बरोबर बसली.

त्या दिवशी लेकीने दारातच मिठी मारली.

"आई, हाताला काय लागलंय गं?"

"तुझ्या आजीचा चेहरा," कापूसताई म्हणाल्या, आणि तो कसा होता ते आठवू लागल्या. त्यांना एक रेघही आठवली नाही.