कातरी आणि कानाच्या मध्ये

मित्रांनो, मी पोलादाची एक जुनी फणी. माणसांच्या नाही, कुत्र्याच्या केसांची. कारखान्यात माझे दात घासून गुळगुळीत झाले, टोकं बोथट झाली आणि मी एका घरात आले. तिथे ढगोबा राहत होता. अंगाने वासराएवढा, आणि केस इतके की डोळे शोधावे लागत.

घरातली ताई रोज संध्याकाळी मला त्याच्या अंगावरून फिरवायची. तो चारी पाय वर करून पडायचा. "चालली राजेसाहेबांची सेवा!" बाबा हसायचे. माझे ते सुखाचे दिवस. मग ताई नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि मी खणात जाऊन पडले. ‘उद्या विंचरू’ असं सगळेच म्हणत. महिने गेले, तो उद्या काही उजाडला नाही.

एके दिवशी आरडाओरडा ऐकू आला. ढगोबाने बाबांच्या हाताला दात लावले होते.

"कुरवाळायला गेलो तर अंगावर आला! घरात लहान मूल आहे. उद्याच देऊन टाकतो याला कुणाला तरी."

आईने खण ओढून मला उचललं. "आधी त्याला कुठे दुखतंय ते तर बघू."

न्हाणीघराच्या फरशीवर त्याच्या तोंडाला मऊ पट्टी बांधून ती जवळ बसली. केसांच्या नुसत्या गाठी झाल्या होत्या. वाट काढत मी डाव्या कानापाशी पोचले आणि त्याचं अख्खं अंग ताठ झालं. पोटातून आलेली गुरगुर माझ्या दातांना जाणवत होती.

"इथेच आहे काहीतरी," आई कुजबुजली. "कातरी आणा."

"अगं, गाठीत कान ओढला गेला असेल तर? कापला जाईल."

"म्हणून तर ही मध्ये धरते. हिच्या वरूनच कापा."

तिने मला कातडी आणि गाठ यांच्यामध्ये हळूच सरकवलं. बाबांनी कातरी चालवली. कच्च! तेवढ्यात ढगोबाने हिसडा दिला, कातरी घसरली आणि माझ्यावर आदळली. माझे दोन दात वाकले. कानाला ओरखडाही आला नाही.

"थांबू का?" बाबांनी विचारलं.

"आता थांबू नका. मी धरलंय त्याला."

गाठ सुटून पडली. खाली एक रबरबँड कानाभोवती आवळून रुतलं होतं. सगळा कान सुजून लालभडक.

दारात उभी असलेली ताईची धाकटी बहीण रडू लागली. "मीच त्याच्या कानावरच्या केसांची शेंडी बांधली होती... मग रबर सापडलंच नाही."

आईने माझा टोकाचा दात रबराखाली घातला आणि बाबांनी श्वास रोखून ते कापलं. ढगोबाची गुरगुर थांबली. बाबा तिथेच ओल्या फरशीवर बसले. "दुखत होतं होय रे तुला? आणि मी तुलाच घराबाहेर काढायला निघालो होतो."

जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं. कान वाचला. हल्ली बाबाच त्याला विंचरतात. हात अजून बसलेला नाही, मधूनच केस ओढले जातात, पण ढगोबा सांभाळून घेतो.

मित्रांनो, फणी खणात टाकू नका, रोज दिसेल अशी ठेवा. आणि घरातला मुका जीव एकाएकी गुरगुरू लागला, तर त्याला वाईट म्हणण्याआधी मोठ्यांना हाक मारा आणि केसांखाली काय आहे ते बघायला सांगा. ‘दुखतंय’ म्हणायला त्याच्याकडे दुसरा शब्द नसतो.