फोमच्या आड

प्रयोगशाळेत दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. थोरली तिथली मुख्य शास्त्रज्ञ. धाकटी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून टेराहर्ट्झ कॅमेऱ्याच्या चिप्स जोडायची. टेराहर्ट्झ लहरी कापडातून, फोममधून आरपार जातात आणि अंगावर आपटून परततात. असे कॅमेरे आधीही होते, पण त्यांच्या गळ्यात भलंमोठं शीतयंत्र बांधावं लागायचं. ताईचा कॅमेरा साध्या खोलीत, काही न गोठवता चालायचा आणि हलतं चित्र तिथल्या तिथे पडद्यावर आणायचा. त्यापायी तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

विमानतळांसाठी खरेदी करणारे पाहुणे आले. पुतळ्याच्या कोटाआडचा प्लॅस्टिकचा सुरा पडद्यावर लख्ख दिसला. पाहुण्यांतला टकल्या जांभई देत म्हणाला, "पुतळ्याचं काय कौतुक? जिवंत माणूस दाखवा."

ताईची नजर खोलीभर फिरली आणि धाकटीवर थांबली. "तू ये गं."

धाकटीने हातातली चिप खाली ठेवली. मागल्या वर्षी गाठीपायी तिचा डावा स्तन काढला होता. कपड्याआड ती फोमची गादी लावायची. हे फक्त ताईला ठाऊक होतं. इस्पितळात उशाशी तीच बसली होती.

जवळ जाऊन ती पुटपुटली, "ताई, मी नको. तुला माहीत आहे ना..."

"माहीत आहे म्हणूनच," ताई तितक्याच हळू म्हणाली. "फोम दिसणार नाही, अंग दिसेल. याहून चांगला पुरावा मी कुठून आणू?"

सगळे बघत होते. नाही म्हणावं तर का, तेही सांगावं लागलं असतं. धाकटी उभी राहिली.

पडद्यावर करडी आकृती उमटली. एकीकडे उभार, दुसरीकडे सपाट. तिने श्वास घेतला की आकृतीही श्वास घ्यायची. टकल्या खुर्चीतून उठला आणि पडद्यावर बोट टेकवत म्हणाला, "हे इथे काय झालंय?"

"बाहेरून काही कळत होतं का तुम्हाला?" ताईने विचारलं.

"छे!"

"तेच तर!"

हशा पिकला. "जरा वळायला सांगा," टकल्या म्हणाला. धाकटी वळली.

नंतर ती बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत असताना ताई आत आली. "रडतेस काय? मागणी पक्की झाली. आणि लपवायची कटकट तरी संपली की तुझी."

धाकटीने त्याच दिवशी नोकरी सोडली. ताईने अडवलं नाही. चित्रीकरण करून ठेवलेलं होतंच. पुढच्या पाहुण्यांना तेवढं पुरलं.