होडी कोणत्या पानावर?

“साहेब, सगळं ऐकलं मी. पण आमची होडी कोणत्या पानावर आहे?”

सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून प्रश्न आला आणि जिल्हा मंडळाचे सगळे सदस्य माना वळवून मागे पाहू लागले. अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीला चक्क माणूस आला होता! जिल्ह्याचा वर्षाचा खर्च मंजूर करण्याआधी तो लोकांसमोर वाचायचा आणि कुणाची हरकत असेल तर ऐकून घ्यायची, असा नियम. नियम चांगलाच आहे, फक्त लोक येत नसत. रिकाम्या खुर्च्यांना पानं वाचून दाखवायची, बिस्किटं आपणच संपवायची आणि घरी जायचं, असा रिवाज पडला होता.

ती पानं वाचायचं काम बजेटबाईचं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिलाही होतं, पण कचेरीत ते पगारपत्रकापुरतंच उरलेलं. प्रत्येक खात्यानं आपली मागणी पाठवायची आणि हिनं त्या सगळ्या जुळवून एक पुस्तक करायचं. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, कुणाला किती हवं आणि ते कुठून आणायचं, सगळं तिच्या जिभेवर. “घरातलं मीठ संपलेलं कळत नाही, पण जिल्ह्याच्या खडीचा हिशेब तोंडपाठ!” असं नवरा चिडवायचा आणि तिला ते मनातून आवडायचं.

“होडी ना? सांगते की,” म्हणत तिनं ऐटीत पुस्तक उघडलं. रस्ते खात्याची पानं चाळली. मग पाणी खात्याची. मग पुन्हा रस्त्यांची. तिसऱ्यांदा तर ओळीओळीवर बोट टेकवून.

“सापडत नाही का हो?” शेवटच्या रांगेतली बाई उठून पुढे आली. अंगात जुनं जाकीट, पायात रबरी बूट आणि आवाज नदीपलीकडे पोचेल असा. सरकारी होडी चालवणारी हीच. “मी ताकाला जाऊन भांडं लपवणारी नाही, साहेब. परवा डिझेल मागायला गेले, तर रस्तेवाले म्हणाले, एक तारखेपासून तुम्ही पाण्याकडे. पाण्याकडे गेले, तर ते म्हणाले, आमच्यात होडीच नाही. म्हटलं, आता मोठ्या दारातच जाऊन विचारावं.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून दोन्ही खातेप्रमुखांकडे पाहिलं.

“यंदा खात्यांची फेरमांडणी झाली ना,” रस्तेवाले साहेब म्हणाले. “होडी चालते पाण्यावर. म्हणून आम्ही ती आमच्या मागणीतून काढली.”

“आम्ही नळाचं पाणी बघतो,” पाणीवाले साहेब उसळले. “माणसं वाहून नेणं आमच्यात कधी बसलं? आम्हाला साधं पत्रसुद्धा नाही!”

“अहो, पण ती पाण्यात असते!”

“पुलाचे खांबही पाण्यातच असतात. पूल पण देऊन टाका आम्हाला!”

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा. “तुमचं ठरेपर्यंत मी काय मधेच तरंगत राहू?” होडीवालीनं विचारलं तेव्हा दोघंतिघं हसले. पण हसण्यासारखं काही नव्हतं. आज पुस्तक मंजूर झालं की वर्षभरासाठी बंद. एक तारखेपासून होडीला डिझेल नाही आणि होडीवालीला पगार नाही. पलीकडच्या काठाला शाळा नाही, दवाखाना नाही. पुलावरून वळसा घालायचा, तर जाऊन येण्यातच दिवस मोडतो.

लेखा विभागाचे मोठे साहेब बजेटबाईच्या कानाशी वाकले. “पुढच्या वर्षी घालू. आत्ता मंजुरी होऊन जाऊ दे. तुम्ही काही बोलू नका.”

होडी कुणालाच न दिसता कशी सुटली, हे बजेटबाईला एकटीलाच ठाऊक होतं. दरवर्षी पुस्तकात दोन रकाने असत, एक गेल्या वर्षीचा आणि एक यंदाचा. फेरमांडणीमुळे जुनी पानं नव्या पानांशी जुळेनात, म्हणून गेल्या वर्षीचा रकाना गाळायची युक्ती तिनंच काढली होती. किती सुटसुटीत झालं, म्हणून मोठ्या साहेबांनी शाबासकीही दिलेली. तो रकाना असता, तर होडीपुढे जुना आकडा आणि शेजारी रिकामी जागा दिसली असती, आणि शेंबड्या पोरानंही विचारलं असतं, की हे काय? आता गप्प बसलं तर खापर दोन खात्यांच्या माथी फुटणार होतं. तिचं नाव कुणी घेतलं नसतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती उभी राहून अध्यक्षांना म्हणाली, “साहेब, चूक माझी आहे. गेल्या वर्षीचा रकाना मी काढला, म्हणून हे कुणाला दिसलं नाही. आणि आता हरकत आलीय. तिचं उत्तर दिल्याशिवाय मंजुरी देता येत नाही.”

मोठ्या साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

“अहो ताई, मी हरकत कुठं घेतली?” होडीवाली गोंधळली. “मी नुसतं विचारलं.”

“मग आता घ्या!”

“घेतली!” होडीवाली अशी गरजली, की बाहेरचा शिपाई दार ढकलून आत आला.

अध्यक्षांनी पुस्तक पुढ्यात ओढलं. “घेतली ते ठीक. पण पैसे आणू कुठून? सगळं वाटून झालंय.” ते स्वतःच पान उलटत राहिले आणि एका ठिकाणी थांबले. “सभागृहासाठी नवे पडदे आणि खुर्च्या. इथं बसायला येतंय कोण?”

“मी आले की!”

“बरं, तुम्हीच सांगा. बसलात ती खुर्ची कशी आहे?”

“डुगडुगते. पण होडीपेक्षा कमीच.”

आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले, पाणीवाले साहेबसुद्धा. पडदे आणि खुर्च्या गेल्या, होडी आली. “रस्ता ज्या काठावर संपतो, तिथून समोरच्या काठापर्यंत जे काही आहे तो रस्ताच,” असं म्हणून अध्यक्षांनी ती रस्तेवाल्यांच्या गळ्यात घातली. गेल्या वर्षीचा रकाना परत घालून पुस्तक नव्यानं आणा, असंही सांगितलं.

बजेटबाईनं ते आणलं. जुळवताना दवाखान्याची एक गाडीही अशीच अधांतरी सापडली, तिलाही घर मिळालं. मोठ्या साहेबांनी ठपक्याचं पत्र दिलं. तिनं सही करून घेतलं. यंदाची बढती गेली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. “गेली तर गेली,” नवरा म्हणाला. “आता जरा मिठाकडे लक्ष दे.” ती हसली, पण वाईट वाटलंच.

एक तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती धक्क्यावर गेली. इतकी वर्षं या होडीचा आकडा लिहिला, पण होडी कधी पाहिली नव्हती. निळा रंग पोपडे येऊन उडालेला, बाकं गुळगुळीत झालेली. होडीवालीनं तिला आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि हाताला धरून आत घेतलं.

“तिकीट?” बजेटबाईनं पाकीट काढलं.

“घेणार तर! उद्या हिशेब तुम्हीच मागाल.”

इतक्यात शाळा सुटलेली पोरं आली. दप्तरं आदळत, एकमेकांना ढकलत, कालच्या कुठल्याशा भांडणाचा निकाल लावत ती होडीत घुसली. मागून काठी टेकत एक आजोबा आले, दवाखान्याची पिशवी छातीशी धरून. होडी आज आलीच नसती, हे त्यांच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. ती रोज येते, तशी आली होती.

होडी निघाली. काठ मागे सरकत होता.

“ओ काकू,” वेणीवाली एक पोरगी वैतागून म्हणाली, “सरका ना जरा. ही माझी रोजची जागा आहे.”

“हो गं बाई, बस,” बजेटबाई म्हणाली आणि सरकली.