अडतीस पॉझिटिव्ह

राजाबाई कोपरखैरण्याची धवलारीण. लग्नातले धवले गाणारी. तीस वर्षं गावात एकही लग्न तिच्यावाचून लागलं नव्हतं. हळदीला भटजीच्याही आधी तिचा मान. आणि नव्व्याण्णवच्या डिसेंबरात, गावातल्या पुतळाच्या लेकीची, प्रियाची हळद चार दिवसांवर असताना निरोप आला, आजीने येऊ नये, दुसरी सांगितली आहे.

कारण काय, तर राजाबाईच्या रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. पुतण्याने, दिपेशने, नाक्यावर तेवढा एकच शब्द टाकला आणि पुढचं गावाने जोडलं. त्या काळी पॉझिटिव्ह म्हणजे एड्सच. सत्तरीच्या विधवेला तो कुठून लागणार, हे विचारायची अक्कल कुणाला? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

राजाबाई रिपोर्ट घेऊन तडक वाशीला डॉक्टरांकडे गेली. "माजे रगतान काय हाय, ता मना सांगा."

डॉक्टर गडबडले. "एड्स नाही, आजी. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे, सावकाश चालणारा. पेशींवर खुणा असतात, त्यांना नंबर दिलेत. पाच आणि तेवीस नंबरवरून रोग ओळखला. तुमच्यात अडतीसही पॉझिटिव्ह आहे. यंदाच एक अभ्यास आलाय, ही खूण असली की रोग लवकर वाढतो म्हणे. पण खात्रीने कोण सांगणार?"

"म्हंजे दिस कमी?"

"कदाचित. पुतण्याला मी सगळं सांगितलं होतं."

"रगत माजा, आनि सांगतला त्याला?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दिपेशने घरी सांगितलं होतं, रक्त कमी आहे, बीट खा. महिनाभर ती बिचारी मुकाट बीट खात होती.

तिथून ती थेट पुतळाच्या दारी गेली. अंगणात बाया तांदूळ निवडत होत्या. सगळ्यांसमोर तिने सांगून टाकलं, एड्स नाही, कॅन्सर आहे, आणि तोही लवकर वाढणारा.

पुतळाचा चेहरा खुलला. "देव पावला गो आजी, नुसता कॅन्सर!" तिने लगबगीने पाट मांडला. "बस, तुज्याबगर माजे पोरीची हलद कशी लागल?"

राजाबाई पाटाकडे बघत राहिली. ज्या मानासाठी ती आली होती तो मिळाला होता, आणि तिच्या मरणाच्या बातमीने चारचौघींना हायसं वाटलं होतं.

"पावला ना? मंग त्यालाच बसव पाटाव," ती म्हणाली. "माजे दिस कमी हान. ते तुज्या दारान नाय घालवाचे."