वरून ‘कोण?’, खालून ‘मी’

मी एक जुना इंटरकॉम आहे. ब्वेनोस आयरेस शहराच्या आल्माग्रो भागात, एका चार मजली इमारतीच्या दाराशेजारी मी भिंतीत बसवलेला आहे. पितळी पत्रा, त्यावर आठ काळी बटणे आणि खाली बोलण्या-ऐकण्याची जाळी, एवढेच माझे शरीर. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी दोन शब्द सर्वांत जास्त ऐकले. वरून विचारतात, “कोण?” आणि खालून उत्तर येते, “मी.”

या उत्तराचा मला पहिल्यापासून संशय आहे. ‘मी’ तर सगळेच असतात. पाहुणा ‘मी’, वीजबिलवाला ‘मी’ आणि चोरही ‘मी’च. तरी वरचा माणूस आवाज ओळखतो, बटण दाबतो आणि दार कुर्र करून उघडते.

माझा जन्म नदीपलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला बसवले त्या दिवशी रहिवासी आळीपाळीने खाली येऊन उगाचच बटणे दाबत होते. नंतर लष्करी राजवटीचा एक काळ असा आला, की अंधार पडल्यावर कोणी बटण दाबले तर वरची माणसे श्वास रोखून धरत. तेव्हा नुसत्या ‘मी’वर दार उघडत नसे. त्या काळाबद्दल मी फार बोलत नाही. पण संशय मी तिथेच शिकलो.

इमारतीचा राखणदार आन्सेल्मो मला रोज सकाळी फडक्याने घासून लखलखीत करी. “बाहेरून येणारा आधी याला बघतो,” तो अभिमानाने सांगे. माझे पितळ सर्वांना दिसत होते. आत भिंतीत पाणी झिरपून माझ्या तारा कुजत चालल्या होत्या, ते कोणाला दिसले नाही. पुढे माझ्यात एक दोष शिरला. कोणत्याही घरात रिसीव्हर उचलला, की दारातले सगळे बोलणे तिथे ऐकू जाऊ लागले. कोणी बटण दाबण्याचीही गरज उरली नाही. आन्सेल्मोने रहिवाशांच्या सभेत दुरुस्तीचा विषय काढला.

“दार उघडतंय ना?” सभेने विचारले.

“उघडतंय.”

“मग झालं तर!”

पहिल्या मजल्यावर, ‘ए’ घरात, बाल्दोमेरो नावाचे निवृत्त दाताचे डॉक्टर राहत. पत्नी गेल्यापासून घर फार शांत झाले होते. एकदा रिसीव्हर चुकून खाली राहिला आणि त्यांना रस्ता ऐकू आला. त्या दिवसापासून ते तो मुद्दाम उशीवर काढून ठेवू लागले. शेजारी ठेवलेल्या वाळक्या भोपळ्याच्या पेल्यातला माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, नळीने ओढत ते दिवसभर दारातले जग ऐकत. हे फक्त मला ठाऊक होते.

आता तिसऱ्या मजल्याकडे येतो. तिथे ‘बी’ घरात इरुपे गालार्सा राहते. पूर्वी ती रेडिओवर बातम्या लिहायची. बारा-तेरा वर्षांपूर्वी शहरात एका नव्या नाण्याची कुजबुज सुरू झाली. हे नाणे हातात धरता येत नसे. ते संगणकातच जन्मायचे आणि तिथेच राहायचे. ज्याच्याजवळ त्याची गुप्त किल्ली, त्याचे ते नाणे. किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांची एक ओळ. ती गेली की नाणे गेले, मग दाद मागायला कोणी नाही. एका डिसेंबरात बँकांनी लोकांचे पैसे अडकवून ठेवले होते. ते न विसरलेली माणसे दर गुरुवारी इरुपेच्या घरी जमत आणि या नाण्यावर वाद घालत. नियम बदलण्याचा हक्क कोणाचा? मोठ्या दुकानांना यात घ्यावे की लांब ठेवावे? या वादांच्या बातम्या इरुपे इंटरनेटवरच्या आपल्या पानावर छापी. पानाचे नाव होते ‘एल सेरेनो’, म्हणजे गस्तवाला. तिचा नियम कडक होता. दोन तोंडांनी आल्याशिवाय बातमी नाही.

मंडळी भारी सावध होती. वर गेल्यावर सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद होत, कोणी चोरून ऐकू नये म्हणून. आणि अगदीच गुप्त काही बोलायचे असेल तर? तर ती माणसे जिना उतरून खाली येत, वारा लागू नये म्हणून दाराच्या कोनाड्यात शिरत आणि माझ्या जाळीला पाठ टेकून बोलत.

त्यांत दोन माणसे महत्त्वाची. फाउस्तो बेरार्दी हा उंच, हडकुळा संगणकवाला. तो ‘मी’ असे ओरडे की समोरच्या बेकरीतही ऐकू जाई. दुसरा लिओकादियो. त्याचे कोपऱ्यावर कुलपे-किल्ल्यांचे दुकान होते. तो आधी घसा खाकरी आणि मग हळूच म्हणे, “मी.” ज्यांना स्वतःच्या संगणकाची धास्ती वाटे, अशा लोकांच्या गुप्त किल्ल्या लिओकादियो आपल्या तिजोरीत सांभाळी. “घराच्या किल्ल्या ठेवतातच माझ्याकडे, ही त्यातलीच एक,” असे तो म्हणे.

फाउस्तोला हे मुळीच पसंत नव्हते. “किल्ली दुसऱ्याच्या तिजोरीत, म्हणजे नाणंही दुसऱ्याचंच! बँकेच्या बाबतीत कळतं तुम्हाला, मग याच्या बाबतीत का कळत नाही?”

त्याच सुमारास इरुपेच्या पानाला एक निनावी बातमीदार मिळाला. तो ‘बेन्तेवेओ’ या टोपणनावाने लिही. हा पिवळ्या पोटाचा पक्षी आमच्याकडे प्रत्येक भिंतीवर बसून ओरडत असतो. त्याच्या बातम्या अचूक निघत. कोणते कॅफे नाणे घेणार, कोण कोणाशी भांडून गट सोडणार, सगळे त्याला आधी कळे. मित्रांनो, का कळू नये? मंडळी दारात जे बोलत, तेच डॉक्टर त्यांना परत कळवत होते. टाइप करताना ते प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत, आणि उशीवरच्या रिसीव्हरमधून तो मला ऐकू येई; खाली कोणी बटण दाबल्याशिवाय जाळीबाहेर मात्र पडत नसे.

मंडळीत मात्र कुजबुज वाढली. हा पक्षी आपल्यातलाच कोणीतरी आहे. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला. एकत्र येणारी माणसे वेगवेगळी येऊ लागली.

मग एका हिवाळ्यात लिओकादियोच्या दुकानाचे शटर खाली आले आणि खालीच राहिले. फोनही लागेना. बहिणीच्या ऑपरेशनसाठी तो तांदिल गावाला गेला होता. लोकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याने आपण गावात नाही हे जाहीर करायचे नसते, म्हणून तो कोणालाच बोलला नव्हता. हे नंतर कळले.

त्या गुरुवारी फाउस्तो आणि इरुपे माझ्यासमोर उभे होते.

“शटर बंद, फोन बंद. आणखी काय पाहिजे तुला? बँड लावून सांगू?”

“माणूस आजारी पडतो, फाउस्तो.”

“आजारी कसला! किल्ल्या हरवल्यात त्याच्या. तोंड दाखवायची सोय नाही म्हणून दडून बसलाय.”

“कशावरून?”

“नाकावरून. वास येतो मला.”

वर, पहिल्या मजल्यावर, डॉक्टरांचा आवाज आला. “वि-श्व-स-नी-य… गोटातून… समजते की…”

दुसऱ्या दिवशी इरुपेला बेन्तेवेओचा मजकूर मिळाला. लिओकादियोकडच्या किल्ल्या हरवल्या आहेत. तिने आपला नियम लावून पाहिला. एक तोंड फाउस्तोचे, दुसरे बेन्तेवेओचे. दोघांची ओळखही नाही, असे तिने धरले. तिने जपून लिहिले, ‘शंका आहे’ असेच लिहिले, पण छापले.

लिओकादियो गावाहून परतला, तेव्हा शटरसमोर रांग लागली होती. प्रत्येकाला आपली किल्ली परत हवी होती, आजच्या आज. तो एकेकाला देत राहिला. एकही हरवली नव्हती. पण देताना त्याला वेळ लागे, आणि रांगेतल्या लोकांना तो वेळच पुरावा वाटे.

पुढच्या गुरुवारी फाउस्तो छाती काढून आला. “म्हणालो नव्हतो? बेन्तेवेओनंही तेच सांगितलं. तो तर मला ओळखतही नाही!”

इरुपेला ती फुशारकी आवडली नाही. ती वैतागून म्हणाली, “हो ना! आता असंही म्हण, की त्यानं माझा बिस्किटांचा डबा पळवला, त्यात सगळ्या किल्ल्या भरल्या आणि बोटीनं कोलोनियाला पोचवल्या.”

कोलोनिया नदीपलीकडे, दुसऱ्या देशात. दोघेही खो-खो हसले. नेमकी त्याच वेळी समोरून बस गेली. डॉक्टरांच्या उशीवर शब्द पोचले, हसणे बसच्या घरघरीत बुडाले.

दोन दिवसांनी दुपारी दारात फाउस्तोने फोन पुढे धरला आणि तावातावाने वाचले, “किल्ल्या बिस्किटांच्या डब्यातून कोलोनियाला रवाना! बेन्तेवेओनं सगळीकडे पाठवलंय, तुझ्या पानाची वाटही न बघता. घे, आता बोल!”

घाईने खाली आलेल्या इरुपेने फोन हातात घेऊन मजकूर पुन्हा वाचला.

“फाउस्तो, हा माझा विनोद आहे. मी इथं उभी राहून केला होता, तुझ्यासमोर.”

“बरं, मग?”

“मग तेव्हा आपण दोघंच होतो.”

“म्हणजे पक्षी मी?”

“दुसरं कोण?”

“वा गं वा! पान तुझं, पक्षी तुझा, विनोदही तुझाच, आणि चोर मी होय?” त्याने मफलर आवळला. “रेडिओवर होतीस तेव्हाही अशाच बातम्या शिजवायचीस का?”

तो निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. इरुपे वर जायला वळली, तेव्हा तिच्या लक्षात आले की घराची किल्ली वरच राहिली. सवयीने तिने स्वतःचेच बटण दाबले. तिच्या घरी उत्तर द्यायला कोणी नव्हते. पण माझ्या जाळीतून किटलीची शीळ ऐकू आली, आणि मग खोकला.

ती वाकली. तिने कान जवळ आणला आणि विचारले, “कोण?”

मित्रांनो, इतक्या वर्षांत खालून ‘कोण?’ असे कोणीच विचारले नव्हते. जाळीत खरखर झाली. मग वरून उत्तर आले.

“मी.”

“मी कोण?”

“पहिला मजला, ए.”

“डॉक्टर? तुम्ही ऐकत होता?”

“रिसीव्हर जरा बाजूला असतो, उशीवर. घर फार गप्प असतं गं.”

इरुपेने डोळे मिटले. “बेन्तेवेओ तुम्ही?”

“खिडकीत एक येऊन बसतो. त्याचंच नाव घेतलं.” आवाज घाबरा झाला. “पण पदरचं एक अक्षर घातलं नाही मी. ऐकलं तेवढंच लिहिलं.”

“कोणाकडून ऐकलंत?”

“तुमच्याकडूनच की.”

“मग तो विश्वसनीय गोट?”

“तुम्हीच. साऱ्या इमारतीत माझा तुमच्यावरच तर विश्वास आहे.”

तिने कपाळ माझ्या पितळावर टेकवले. ते थंड होते, आणि मला काही बोलता येत नव्हते.

त्याच दिवशी तिने पानावर खुलासा छापला. दोन तोंडांची म्हणून दिलेली बातमी एकाच तोंडाची होती, आणि ते तोंड आमच्याच दारातले, असे तिने स्पष्ट लिहिले. डॉक्टरांनी स्वतःच्या पूर्ण नावानिशी माफी मागितली. वाचकांनी उलट विचारले, “हा कोण बुवा? बेन्तेवेओनं सांगितलं तर मानू.” कोणी म्हणाले, लिओकादियोने खुलासा विकत घेतला. कोणी म्हणाले, असा डॉक्टरच नाही.

रांग संपेपर्यंत लिओकादियोने रांगेतल्या सगळ्यांना किल्ल्या परत केल्या आणि उरलेली एक खिशात घातली. मग तिजोरीत काही उरले नाही. फाउस्तोने लोकांना लिहून कळवले, “बघा, तिजोरी रिकामी!” ते मात्र खरे होते.

रांगेत इरुपे नव्हती. खिशातली ती किल्ली तिचीच होती; ती द्यायला लिओकादियो स्वतः आला. त्याने बटण दाबले.

“कोण?” वरून इरुपेने विचारले.

त्याने घसा खाकरला. मी ‘मी’ची वाट पाहत होतो.

“लिओकादियो अरिसमेंदी,” तो म्हणाला. “कुलपांचं दुकान, कोपऱ्यावरचं.”

 पहिल्या मजल्यावर खट् असा आवाज झाला. डॉक्टरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला होता. मग दार कुर्र करून उघडले. जिन्यावरून धावत खाली येणारी इरुपेची पावले वाजली, आणि तो आत गेला.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. पुढच्या महिन्यात माझ्या जागी कॅमेऱ्याचा नवा इंटरकॉम येणार आहे. त्यात येणाऱ्याचा चेहरा दिसतो म्हणे. चेहऱ्यांवरही माझा फारसा भरवसा नाही, पण ते असो. तुमच्या दाराशी माझ्यासारखी जुनी वस्तू असेल, तर वरून चमकते म्हणून समाधान मानू नका. तिच्या तारा तपासून घ्या. आपल्याला पटणारी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, तर हरखून जाण्याआधी ते तोंड कोणाचे, हे विचारा. कधी कधी ते आपलेच असते. आणि ज्याचा आवाज तुम्ही वर्षानुवर्षे ओळखता, त्याच्यावर नाव सांगायची वेळ आणू नका.

लिओकादियो अजून गुरुवारी येतो. आता ते दोघेच असतात. तो बटण दाबतो, घसा खाकरतो आणि आपले पूर्ण नाव सांगतो, दुकानासकट.

“अरे, नुसतं ‘मी’ म्हण ना,” इरुपे दर वेळी म्हणते.

“हो,” तो म्हणतो. आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा पूर्ण नाव सांगतो.